दुःखाचं पेर

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत कुणाकडे मयत झाली, की दुसऱ्या दिवसापासून माणसं ‘बसाले’ येतात. चपला दारात काढतात, भिंतीला टेकतात आणि बराच वेळ कुणी काही बोलत नाही. मग एखादं वयस्क माणूस हळूच विचारतं, “कसं झालं बाप्पा?” घरातला थोरला मुलगा तीच हकीकत दहाव्यांदा सांगतो. रात्री छातीत कळ आली, अमरावतीला न्यायला गाडी काढली, वाटेतच सगळं संपलं. ऐकणारे मान हलवतात. “लय वाईट झालं भाऊ. पन धीर धरा लागते.” उठताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही.

लहानपणी मला हे बोलणं पोकळ वाटायचं. ज्याला सगळं ठाऊक आहे त्यालाच पुन्हा विचारायचं आणि ज्याचा धीर सुटलाय त्यालाच धीर धरायला सांगायचं, याने काय होतं? ते बोलणं किती भरीव आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही चिनी भाषेच्या एका धड्यामुळे. गेली काही वर्षं मी घरच्या घरी चिनी शिकतो आहे. नमस्कार, बाजार, आगगाडीचं तिकीट हे धडे झाले आणि मग संकटाच्या आणि सहानुभूतीच्या शब्दांचा धडा आला. शब्द जेमतेम वीस-पंचवीस असतील. पण कवितेचं पान पुन्हा पुन्हा उघडावं तसं ते पान मी उघडत राहिलो. त्या शब्दांचं आज रसग्रहण करायचं आहे.

आधी उच्चारांविषयी, कारण तिथे मराठी माणसाला मोठा आधार आहे. चिनी शब्द रोमन लिपीत वाचले की शिकणारा ‘ब’, ‘द’, ‘ग’ म्हणायला जातो. प्रत्यक्षात चिनीत जोड्या आहेत त्या ‘प-फ’, ‘त-थ’, ‘क-ख’ अशा, आणि त्या आपल्या बाराखडीत आयत्याच मिळतात. ‘चाक’ आणि ‘चमचा’ यांतला दंत्य ‘च’ही तिथे आहे. चिनीतला संकटाचा शब्द मी ‘चाय’ असा लिहितो, पण तो चाकातल्या ‘च’ने उच्चारायचा, एका उंच, सरळ सुरात. सुरांचे चार प्रकार मात्र मेहनतीने शिकावे लागतात.

आता शब्द. दुर्दैवाला चिनीत ‘पू-शिंग’ म्हणतात. ‘पू’ म्हणजे नाही, ‘शिंग’ म्हणजे सुदैव. आपल्या ‘दुर्दैवा’त दैव हजर असतं, ते वाईट असतं एवढंच. ‘पू-शिंग’मध्ये ते हजरच नाही. म्हणून हा शब्द कोरडा वाटतो, आणि बातमीत किंवा औपचारिक पत्रात तो शोभतो.

रोजच्या तोंडचा शब्द आहे ‘ताओ-मेइ’. नशीब फुटलं, घात झाला, अशा अर्थाचा. आजच्या लेखनात यातल्या ‘मेइ’ अक्षराचा अर्थ बुरशी असा आहे. अक्षराच्या माथ्यावर पावसाची खूण आहे आणि खाली ‘प्रत्येक’ या अर्थाचं चिन्ह. भाषापंडित सांगतील की खालचा भाग केवळ उच्चारासाठी आहे, आणि ते खरं आहे. पण शिकणाऱ्याच्या मनात चित्र राहतं. पाऊस आणि त्याखाली बुरशी हे चित्र वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सीतादही झालेली असते, बोंडं फुटून वावर पांढरं झालेलं असतं, आणि वेचणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस दोन दिवस ठाण मांडतो. पांढराशुभ्र कापूस पिवळा पडतो, त्याची कवडी होते, भाव उतरतो. पावसाखालच्या बुरशीला दुर्दैव म्हणणारी भाषा मला त्या दिवशी अगदी शेजारची वाटली.

मघाच्या ‘चाय’ या शब्दाचं अक्षरही असंच पाहण्यासारखं आहे. आज ते लिहिताना वर छप्पर काढतात आणि खाली आग. घर पेटलं आहे. त्याच्या जुन्या रूपात मात्र वर वाहतं पाणी होतं आणि खाली आग. पूर आणि वणवा ही माणसाची दोन्ही जुनी भयं त्या एका अक्षरात बसवलेली होती. पुढे लिहिणं सोपं झालं, पाणी गेलं आणि घर आलं. संकट निसर्गातून उचलून उंबऱ्याच्या आत आणणारा हा बदल मला फार बोलका वाटतो.

मग म्हणी येतात. ‘ह्वो पू तान शिंग’ म्हणजे संकट एकटं चालत नाही. ‘श्वे शांग च्या श्वांग’ म्हणजे बर्फावर आणखी हिमकण. आपण अशा वेळी ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणतो. गंमत वाटण्यापेक्षा थक्क व्हावं अशी गोष्ट ही, की तेरावा महिना चीनच्या पारंपरिक पंचांगातही आहे. चंद्राची आणि सूर्याची गणितं जुळवायला आपल्यासारखाच तिथेही अधिक महिना धरतात. तरी त्यांनी म्हण केली ती बर्फाची, आपण केली ती रिकाम्या कणगीची. दुष्काळात महिना वाढला म्हणजे नवं पीक येईपर्यंत आणखी तीस दिवस काढायचे. ज्या दुःखाने ज्याला घेरलं त्या दुःखाची त्याने म्हण केली. मदतीचंही तसंच. अडचणीत धावून येणाऱ्याला चिनी माणूस ‘बर्फात कोळसा पोचवणारा’ म्हणतो. मे महिन्याच्या उन्हात बडनेरा स्टेशनच्या फलाटावर डब्याच्या खिडकीतून कुणी गार पाण्याची बाटली आत दिली, तर तो आपला कोळसा.

इथवरचे शब्द संकटाचे होते. सहानुभूतीच्या शब्दांपाशी ही भाषा फार सावध होते. ‘ख-शी’ आणि ‘ख-ल्येन’ हे दोन शब्द शिकणारे हमखास एकमेकांच्या जागी वापरतात. ‘ख-शी’ म्हणजे हळहळ. संधी हुकली, चांगला गायक तरुणपणी गेला, हाताशी आलेलं पीक गेलं, तर ‘ख-शी’. यातल्या ‘शी’चा एक अर्थ जपणं असा आहे. म्हणजे जपण्याजोगं काही होतं आणि ते गेलं. या अक्षरात डावीकडे काळीज आहे आणि उजवीकडे ‘पूर्वी’ या अर्थाचं चिन्ह. काळजाशेजारी गेलेला काळ, हे चित्र मी विसरूच शकत नाही. ‘ख-ल्येन’ मात्र माणसाविषयी येतो. त्यात कणव आहे, पण तो तोंडावर म्हटला की कणवेची कीव होते. ‘बिचारा’ हा शब्द आपणही बिचाऱ्यासमोर उच्चारत नाही. दुःख झालेल्या माणसाला लहान न करता त्याच्याविषयी वाईट कसं वाटून घ्यायचं, ही कसोटी दोन्ही भाषांना ठाऊक आहे.

‘नान-क्वो’ हा शब्द मला या साऱ्या पानावर सर्वांत प्रामाणिक वाटतो. अर्थ आहे दुःखी. शब्दशः ‘पार व्हायला अवघड’. दुःख झालं असं न म्हणता हा शब्द म्हणतो, की यातून पलीकडे जाणं कठीण झालंय. नवरा गेलेली बाई आपल्याकडे ‘मी दुःखी आहे’ असं कधी म्हणत नाही. ती म्हणते, “दिवस सरत नाही, माय.” दोन्हीकडे दुःख हे वाटेसारखं आहे, आणि ती वाट चालून संपवायची आहे.

आता एक शब्द असा, जो इथे वापरायचा नाही. तो म्हणजे ‘त्वेइ-पू-छी’. त्याचा अर्थ माफ करा. कुणाचे वडील गेल्याचं कळल्यावर नवा विद्यार्थी पटकन ‘त्वेइ-पू-छी’ म्हणतो, कारण डोक्यात इंग्रजीचं ‘सॉरी’ असतं. इंग्रजीत एकाच शब्दाने माफीही मागता येते आणि दुःखही व्यक्त करता येतं. चिनीत तसं चालत नाही. ‘त्वेइ-पू-छी’ म्हणजे माझ्याकडून चूक झाली. समोरचा माणूस गोंधळतो, कारण त्याच्या वडिलांच्या मृत्यूत तुमची काय चूक? मराठीतही ही फारकत होती. माफी निराळी, सांत्वन निराळं. अलीकडे आपणही मयतीच्या घरी ‘सॉरी’ म्हणू लागलो आहोत, आणि तो शब्द उच्चारला की दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही. ‘कसं झालं बाप्पा’ने मात्र बोलणं सुरू होतं. समोरच्याला आपलं माणूस पुन्हा एकदा शब्दांत उभं करता येतं.

मरणाचं थेट नाव दोन्ही भाषा टाळतात. चिनीत मरणाचा शब्द आणि ‘चार’ हा आकडा उच्चाराला जवळ आहेत, म्हणून चारचा आकडासुद्धा अनेक जण टाळतात. गेलेल्या माणसाविषयी ‘चोउ-ल’ म्हणतात. ‘चोउ’ म्हणजे चालणं, निघून जाणं. ‘चोउ-ल’ म्हणजे ‘गेला’. अगदी आपल्यासारखं, एक साधं क्रियापद. हे दिसलं तेव्हा मी वही मिटून काही वेळ नुसता बसलो होतो.

आणि आता या पानाचा गाभा. शोकात असलेल्या माणसाला चिनीत चार अक्षरं सांगतात: ‘च्ये आय शुन प्येन’. हे वचन ‘ली-ची’ या प्राचीन आचारग्रंथातून आलेलं आहे. ‘आय’ म्हणजे शोक. त्या अक्षरात ‘वस्त्र’ या चिन्हाच्या दोन भागांमध्ये ‘तोंड’ हे चिन्ह बसवलेलं आहे. वस्त्राचं चिन्ह इथे उच्चारासाठी आलं आहे. तरी पदराचा बोळा तोंडात धरून हुंदका दाबणारी बाई ज्याने पाहिली आहे, त्याला त्या अक्षरात दुसरं काही दिसणार नाही. ‘शुन’मध्ये नदीच्या तीन धारा आहेत, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने जाणं. ‘प्येन’ म्हणजे बदल. घडलेल्या बदलाच्या विरुद्ध पोहत राहू नका, त्याच्याबरोबर वाहा.

राहिलं पहिलं अक्षर, ‘च्ये’. शब्दकोशात त्याचा इथला अर्थ ‘आवर घाला’ असा देतात. पण त्याचा मूळ अर्थ बांबूचा सांधा. जुन्या लेखनात या अक्षराच्या माथ्यावर बांबूची दोन पानंच काढत. पुढे याच अक्षराला आवरणं, जपून वापरणं आणि सण हे अर्थ आले. चिनी नववर्षाच्या आणि इतर सणांच्या नावात हेच अक्षर असतं. सांधा आणि सण एका अक्षरात कसे आले याचा मी विचार करत होतो, आणि उत्तर आपल्याच घरात सापडलं. संस्कृतात ‘पर्व’ म्हणजे सांधा, आणि पर्व म्हणजे सणही. त्याच ‘पर्व’पासून आपलं ‘पेर’ आलं. उसाचं पेर, बांबूचं पेर, बोटाचं पेर. हजारो कोसांवर दोन संस्कृतींनी बांबूकडे पाहिलं आणि दोघींनाही काळ तसाच दिसला: सरळ वाढत जाणारा, पण ठरावीक अंतरावर गाठ घेणारा.

मेळघाटातला बांबू ज्याने पाहिला असेल त्याला या गाठीचं मोल कळेल. एवढा उंच, आतून पोकळ, वाऱ्यात वाकणारा, पण मोडत नाही तो पेरांमुळे. मग ‘शोकाला आवर घाला’ हे भाषांतर मला अपुरं वाटू लागलं. मी ते मनात असं केलं: दुःखाला पेर पडू द्या. दुःख दाबा असं ते म्हणत नाही. ते सलग, अखंड वाहू देऊ नका, त्याला गाठी असू द्या, म्हणजे तुम्ही मोडणार नाही. आपला तिसरा दिवस, दहावा, तेरवी, मासिक, वर्षश्राद्ध ही अशीच पेरं आहेत. चिनी परंपरेत दर सातव्या दिवशी मृताची आठवण करत एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत जातात, आणि एप्रिलच्या आरंभी पूर्वजांच्या कबरी झाडण्याचा ‘छिंग-मिंग’ सण येतो. त्या सणाच्या नावाला हेच पेराचं अक्षर जोडलेलं आहे. महाभारताच्या रचनेतही मला आता हे दिसतं. युद्ध संपतं, अकराव्या पर्वात स्त्रिया आपल्या माणसांची प्रेतं शोधत आक्रोश करतात, त्याचं नाव स्त्रीपर्व. त्यानंतरचं बारावं शांतिपर्व. मधे जे आहे ते पेर आहे.

‘ली-ची’तला विचार आणखी एक पाऊल पुढे जातो. शोकाला आवर घालायचा तो ज्यांनी आपल्याला जन्म दिला त्यांची आठवण ठेवून. हा देह त्यांचा दिलेला आहे, तो त्यांच्याच शोकात झिजवू नका. ‘धीर धरा लागते’ म्हणणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या ‘तू खचला तं लेकराईकडे कोन पाहीन’ असंही म्हणतात. त्या पुढच्या पिढीकडे बोट दाखवतात, चिनी ग्रंथ मागच्या पिढीकडे. बोलणं एकच आहे.

या पानावरचा दुसरा सुंदर शब्द ‘वेइ-वन’. सांत्वनाला जाणं, समाचाराला जाणं. ‘वेइ’च्या तळाशी काळीज आहे. वरच्या भागाविषयी इ. स. १००च्या सुमारास शू शेन या कोशकाराने लिहून ठेवलं, की हातात विस्तव घेऊन रेशमी कापड सरळ करणं असा त्याचा अर्थ. म्हणजे आजच्या भाषेत इस्त्री. चुरगळलेल्या काळजावरून ऊब फिरवून त्याच्या सुरकुत्या काढणं म्हणजे ‘वेइ’. हे काम घाईने होत नाही आणि जोर लावूनही होत नाही, ऊब जास्त झाली तर कापड जळतं. ‘वन’ म्हणजे विचारणं. त्याचं अक्षर आहे दार आणि दारात तोंड. उच्चारासाठी दार, अर्थासाठी तोंड, अशी त्याची व्युत्पत्ती. पण मला दिसतो तो दारात चपला काढून ‘कसं झालं बाप्पा’ विचारणारा म्हातारा. आपण याला ‘समाचाराला जाणं’ म्हणतो, ‘विचारपूस’ म्हणतो. सांत्वनाच्या केंद्रस्थानी दोन्ही भाषांनी प्रश्न ठेवला आहे. आपलं दुःख सांगायला कुणी तिथे जात नाही. समोरच्याचं ऐकायला जातो.

या शब्दांचा मराठी माणसाशी जोडलेला सर्वांत मोठा प्रसंग इथे सांगितलाच पाहिजे. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टर जपानी आक्रमणाखालच्या चीनला मदत करायला मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर. नागपूरहून रेल्वेने मुंबईला निघालेल्या माणसाला बडनेरा चुकत नाही, त्यामुळे या इतिहासाचा एक रूळ आमच्या स्टेशनावरून गेला आहे असं मी मानतो. पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘ह्वा’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडलं. कोटणीस ‘ख तीह्वा’ झाले. चीनमध्ये असतानाच त्यांना वडील वारल्याची बातमी मिळाली, तरी ते परतले नाहीत. ते चिनी शिकले, चिनीतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले, आणि त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं ‘यिनह्वा’, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी ते गेले. मूल तेव्हा काही महिन्यांचं होतं.

त्यांच्यासाठी माओ त्सेतुंग यांनी श्रद्धांजलीचा एक छोटा मजकूर लिहिला. राजकारण बाजूला ठेवून तो केवळ भाषा म्हणून वाचावा. त्याच्या मध्यभागी सहा-सहा अक्षरांची दोन समतोल वाक्यं आहेत. सैन्याने मदतीचा एक हात गमावला आणि राष्ट्राने एक मित्र, एवढाच त्यांचा आशय. दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच, ‘गमावणं’. दोन्हीत संख्या एकच, ‘एक’. ‘महान’ नाही, ‘थोर’ नाही, ‘अपरिमित हानी’ नाही. हात हा शब्द डॉक्टरला किती नेमका लागू पडतो हे वेगळं सांगायला नको. त्याआधी कोटणीसांच्या मरणाविषयी चार अक्षरं येतात: कष्ट साचले, आजार आला, गेले. ‘साचणं’ या अक्षरात डावीकडे धान्याच्या ताटाची खूण आहे. खळ्यावर रास लागावी तसे कष्ट साचत गेले. ‘गेले’ या अक्षरात चालणाऱ्या पावलाची खूण आहे. म्हणजे पुन्हा ‘चोउ-ल’, पुन्हा ‘गेला’. मोठ्या माणसाला श्रद्धांजली लिहितानाही ती भाषा जुन्या वस्तीतल्या म्हाताऱ्याइतकीच साधी राहिली.

विचारपूसही थांबली नाही. २००६मध्ये चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ आणि २०१३मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली खछ्यांग मुंबईत आले तेव्हा ते कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटले. मधे १९६२चं युद्ध झालेलं होतं, सीमेवरचा ताण संपलेला नव्हता. तरी भेटून विचारण्याचं पेर दोन्ही बाजूंनी राखलं गेलं.

एका जागी मात्र मराठी चिनीच्या पुढे गेली आहे, असं माझं मत आहे. चिनीत हालअपेष्टा सोसण्याला ‘कडू खाणं’ म्हणतात. त्या ‘कडू’च्या अक्षरावर गवताची खूण आहे, एखादी कडू वनस्पती चावून गिळावी तसं. ते एकट्याने खायचं असतं, त्यात सोसणाऱ्याचा मोठेपणा आहे. आपल्याकडे ‘कडू घास’ आहे. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारीपाजारी, सगेसोयरे जेवण घेऊन येतात आणि आग्रह करून पहिला घास भरवतात. कडूपण तेच, पण ते दुसऱ्याच्या हातून तोंडात येतं. ज्या शब्दात भरवणारा हात आहे तो शब्द मला जास्त मोठा वाटतो.

म्हणून कोणतीही परकी भाषा शिकणाऱ्याला माझी मनापासून विनंती आहे. सांत्वनाचा धडा पुस्तकाच्या शेवटी असेल, तो शेवटी ठेवू नका. नमस्कारानंतर लगेच तो घ्या, त्यातला एकेक शब्द नीट घोटा आणि प्रत्येक शब्दाशेजारी आपल्या आजीच्या तोंडचा शब्द लिहा. माझ्या वहीत ‘च्ये आय शुन प्येन’च्या समोर एकच ओळ आहे: धीर धरा लागते, भाऊ.